येतो म्हणून निघालेला माणूस

घर बदलणं हे त्याच्या मते एका दिवसाचं काम होतं. टेम्पो सांगायचा, खोकी भरायची, दुपारपर्यंत सामान पोचवायचं आणि संध्याकाळी नव्या घरात कुठलं बटण कुठल्या दिव्याचं ते शोधत बसायचं. बायकोच्या मते ते महिनाभराचं काम होतं, कारण नव्या घराच्या खिडक्या बुटक्या होत्या आणि सगळे पडदे कापून पुन्हा शिवावे लागणार होते. पडदा या विषयात पुरुषांना काडीचीही अक्कल नसते, असं तिचं ठाम मत होतं. तिनं शिलाई मशीन सगळ्यात आधी टेम्पोत चढवलं आणि त्यावर मुलीला, म्हणजे ठकीला, राखणीला बसवलं.

तो चष्म्याच्या काचा घासायच्या कारखान्यात होता. फिरत्या चाकीवर काच धरायची, धुवायची, उजेडासमोर धरायची आणि केसाएवढी रेघ दिसली तरी पुन्हा चाकीवर न्यायची. वर्षानुवर्षं हे केल्यावर माणसाचा स्वभावही तसाच होतो. जे आहे ते दिसतं आणि जे दिसत नाही ते नसतं, एवढं त्याचं साधं गणित होतं. कुणी भुताखेताच्या गोष्टी काढल्या की तो जांभई द्यायचा.

घर बदललं ते आईसाठी. जुनं घर चौथ्या मजल्यावर होतं, लिफ्ट नव्हती, आणि आईचे गुडघे कामातून गेले होते. ती मायदेशी एकटी होती. मागच्या हिवाळ्यात मोरीत पाय घसरून पडली ती दुसऱ्या दिवशी दूधवाल्यानं दार ठोठावेपर्यंत तशीच पडून राहिली. ते कळल्यापासून त्याला घास गोड लागत नव्हता. या परक्या देशात तिला आणायची परवानगी मिळवता मिळवता त्याच्या नाकी नऊ आले होते. परवानगीला अट एकच होती. म्हातारं माणूस ताब्यात मिळणार ते स्थलांतर कार्यालयात नोंदलेल्या पत्त्यावर राहणाऱ्या नातेवाइकालाच. घर बदललं तर लगेच कळवायचं. नोंदीत एक पत्ता आणि माणूस राहतो दुसरीकडे, असं आढळलं की परवानगी गेली.

तर सामान खाली गेलं, बायको आणि ठकी टेम्पोत बसल्या, आणि तो शेवटचा हात फिरवायला वर आला. केर काढला, खिडक्या लावल्या. समोरच्या दारात मावशी उभ्या होत्या. मावशी म्हणजे निवृत्त नर्स, आपल्याच भाषेच्या, ठकीला ताप आला की औषधाआधी बोलणी देणाऱ्या. त्यानं दार ओढून घेतलं आणि घेता घेता आतल्या रिकाम्या खोलीकडे बघत म्हणाला, "येतो हं."

मावशी हसल्या. "अरे, कुणाला सांगतोयस? भिंतींना?"

"सवय हो, मावशी."

सवय होतीच. आपल्यात निघताना 'जातो' कुणीच म्हणत नाही, पण त्याच्या घरी तो शब्द पार हद्दपार झाला होता. वडील एकदा आईशी कशावरून तरी खटका उडाला म्हणून 'जातो' असं तोडून बोलून कामावर निघाले, आणि वाटेतच छातीत कळ येऊन गेले. तेव्हापासून आई कुणालाही, अगदी कचरा टाकायला निघालेल्या माणसालाही, 'येतो म्हण' असं बजावायची. त्याचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. जिभेला वळण मात्र होतं. खाली रखवालदाराच्या हातात किल्ली ठेवून तो टेम्पोत चढला.

दुसऱ्याच दिवशी तो स्थलांतर कार्यालयात गेला. जमिनीला ठोकलेल्या खुर्च्यांच्या रांगा, भिंतीवर नंबर दाखवणारा फलक आणि काचेमागे कारकून. काचेतलं बोलायचं भोक इतकं खाली होतं की प्रत्येकाला वाकूनच बोलावं लागे. कार्यालयाला तेच हवं असावं. शेजारी स्टुलावर दुभाषीबाई बसल्या होत्या. पिकल्या केसांच्या, थर्मासमधून सारखं गरम पाणी पिणाऱ्या. त्यानं नवा पत्ता सांगितला, बाईंनी तो कारकुनाच्या भाषेत सांगितला, कारकुनानं टाइप केला. "कळवतील," बाई म्हणाल्या. बाहेर येऊन त्यानं हुश्श केलं.

कळवलं ते असं, की बदल मंजूर नाही.

तो पुन्हा गेला, पुन्हा वाकला.

"तपासनीस जुन्या पत्त्यावर जाऊन आले," दुभाषीबाई म्हणाल्या. "तुम्ही तिथंच राहता."

"मी तिथं राहत नाही म्हणून तर आलोय."

बाईंनी ते पोचवलं. कारकुनानं मान वर न करता उत्तर दिलं. "ते म्हणतात, दार तुम्हीच उघडलंत."

"नवा भाडेकरू आला असेल."

"त्यांच्याकडे तुमचे फोटो असतात. जुळवून बघतात. तुमची बायको मशीनवर शिवत होती. मुलीनं त्यांना चित्र काढून दाखवलं. चहा विचारलात तुम्ही, पण त्यांना घेता येत नाही."

त्याला हसू आलं. कुठल्याही कार्यालयात कुणाचं तरी काम कुणाच्या तरी गळ्यात पडतंच, त्यात एवढं काय. तो समजुतीच्या सुरात म्हणाला, "बाई, मी सामान नेलंय, किल्ली दिलीय. समोरच्या मावशींच्या देखत घर सोडलंय."

कारकुनानं काहीतरी विचारलं.

"घर सोडताना त्या मावशींपाशी काय बोललात?"

"काय बोलणार? येतो म्हणालो."

थर्मासचं झाकण त्यांनी उगाच फिरवलं. "असंच सांगू?"

"म्हणजे?"

"यांच्या भाषेत येतो म्हणजे येतोच. जाणारा माणूस येतो म्हणतो हे यांच्या डोक्यात शिरायचं नाही."

"मग जातो म्हणालो, असं सांगा."

"नाही हो. बोललं तेच सांगायची शपथ घातलेली असते आम्हाला."

त्यांनी सांगितलं. कारकुनानं पहिल्यांदा मान वर केली, त्याच्याकडे जरा वेळ पाहिलं, काहीतरी टाइप केलं आणि अगदी थोडकं बोलला. बाईंनी ते लगेच मराठीत आणलं नाही. आणलं तेव्हा त्या त्याच्याकडे बघत नव्हत्या.

"ते म्हणतात, मग बरोबरच आहे. येतो म्हणालात, आणि आलात."

सुट्टीच्या दिवशी दुपारी तो जुन्या इमारतीत गेला. नव्या भाडेकरूला भेटावं, त्याच्याकडून दोन ओळी लिहून घ्याव्यात, विषय संपवावा, एवढंच डोक्यात होतं. रखवालदार फाटकाच्या बिजागरीला तेल घालत होता.

"वर कोण आलंय राहायला?"

रखवालदारानं तेलाची बाटली खाली ठेवली. "तुम्हीच की."

"मी किल्ली दिली होती ना तुला?"

"आणि संध्याकाळी परत नेलीत. विसरलात?" तो हसला, पण त्याला मनापासून हसू आलेलं नव्हतं.

तो जिना चढला. कठड्याची तीच सुटलेली फळी, तिसऱ्या मजल्यावर तोच ओल्या पायपुसण्याचा वास. मावशींचं दार किलकिलं होतं. त्याला बघून त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या.

"अरे, आत्ता तर पाव घेऊन वर आलास. परत खाली कधी उतरलास? चाहूलसुद्धा लागली नाही मला."

"मावशी, आम्ही घर बदललं. तुमच्यासमोरच गेलो."

"हो, आणि त्याच संध्याकाळी परत आलात. बरं केलंत. दोन तासांतच मजला कसा ओकाबोका झाला होता." त्यांनी त्याच्या दंडावर थोपटलं आणि हात जरा लवकरच मागे घेतला. "गार पडलायस रे किती."

तो आपल्या दाराकडे वळला. दाराशेजारच्या खिडकीत पडदा होता. निळ्या पानांचा. तो पडदा बायकोनं त्याच्या डोळ्यांदेखत कापला होता. उरलेल्या तुकड्याचं ठकीच्या बाहुलीला परकर पोलकं झालं होतं. इथं तो अखंड होता, खाली जमिनीपर्यंत. त्यामागं शिलाई मशीन चालू होतं. वळणावर जरा अडखळून पुन्हा धावणारं, पट्टा सैल झालेलं त्यांचंच मशीन. सकाळी तेच मशीन नव्या घरात त्यानं सरकवून खिडकीशी ठेवलं होतं.

बेलकडे गेलेला हात तिथंच राहिला.

"बाबा, दारात कुणीतरी आहे," आतून ठकी म्हणाली.

"असू दे," पुरुषाचा आवाज आला.

आपला आवाज बाहेरून ऐकला की परका वाटतो म्हणतात. त्याला तो जराही परका वाटला नाही. तो जिना उतरला तो कठड्याला न धरता, आणि रस्त्यावर येईपर्यंत त्याला स्वतःचीच भयंकर लाज वाटत होती. आपल्याच घराच्या दारातून चोरासारखं पळायचं म्हणजे काय!

बायकोनं आधी थट्टा केली. "बरंय की, तिथली बाई तरी वेळेवर चहा देत असेल तुम्हाला." मग त्याचा चेहरा बघून ती हातातला पडदा गुंडाळत बसली.

"तुम्हाला सांगणार नव्हते," ती शेवटी म्हणाली. "त्या दिवशी ठकी तापली होती ना, शाळेत पाठवलं नव्हतं. मी कळवायला फोन केला तर बाई म्हणाल्या, अहो ती समोर बसलीय, चांगली खेळतेय."

"मग तू काय म्हणालीस?"

"काय म्हणणार? बरं म्हटलं."

पलंगावर ठकी बाहुलीचा परकर नीट करत होती. दोघंही तिच्याकडे बघत राहिली. ती आपलीच होती, नाकावरच्या ओरखड्यासकट. पण तपासून बघावंसं वाटलं, याचंच त्याला वाईट वाटलं.

तेवढ्यात आईचा फोन आला. येत्या आठवड्यातलं तिचं विमान. तिच्या आवाजात लहान मुलाची घाई होती. "गुडघ्याला पट्टा बांधून बसलेय बघ आत्तापासूनच. जिने नाहीत ना रे तुझ्या घराला?"

"एकही नाही, आई."

"सगळं नीट झालंय ना? तुझा आवाज खोल का येतोय?"

"सर्दी आहे जरा."

फोन ठेवल्यावर बायको म्हणाली, "अहो, एक ऐकाल? तुम्ही तिथं जा, आणि स्पष्ट सांगून या. जातो म्हणून."

"तो शब्द?"

"आईंना कोण सांगतंय? एकदा म्हणा आणि मोकळे व्हा. आपण काही वाईट मनानं म्हणत नाही."

हसण्यावारी न्यावं असं ते होतं, पण दुसरा काही उपायही त्याला सुचत नव्हता. कार्यालयाला पटेल असं त्याच्याकडे काही उरलं नव्हतं. त्यांच्या दृष्टीनं तो जिथं होता तिथं तो नव्हता, आणि जिथं नव्हता तिथं चहा विचारत होता. दुसऱ्या दिवशी कामावरून परस्पर तो तिकडे गेला.

या वेळी मावशींचं दार बंद होतं. आपल्या दारासमोर तो उभा राहिला. आत मशीन चालू होतं. ठकी कसलंसं गाणं म्हणत होती, तिच्या पद्धतीनं, अर्धी ओळ खाऊन. वडिलांची पाठ डोळ्यांसमोर आली. शर्टाची कॉलर एका बाजूनं दुमडलेली. ती नीट करायला आई दोन पावलं पुढं गेली होती आणि थांबली होती.

"जातो," तो म्हणाला.

मशीन थांबलं.

गाणंही थांबलं. आतलं कुणीतरी चालत दारापर्यंत आलं आणि पलीकडे उभं राहिलं. दोघांच्यामध्ये फक्त लाकूड होतं. मग त्याचाच आवाज, पाहुण्याला निरोप देताना तो जसा बोलतो तसा, अदबीनं म्हणाला, "बरं. सांभाळून जा."

मागं मावशींचं दार उघडलं. त्याला हायसं वाटलं. तो वळला.

मावशींनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"कोण पाहिजे तुम्हाला?" त्या म्हणाल्या.

ठकी जन्मली त्या रात्री याच बाईंनी त्याला 'अरे गाढवा, रडतोस काय' म्हणून हलवलं होतं. आणि आता 'तुम्हाला'.

कार्यालयात तो सकाळी दार उघडायच्या आधीच जाऊन उभा राहिला. कारकुनानं नाव घातलं, संगणकाच्या पडद्याकडे पाहिलं, पुन्हा घातलं.

"तुम्ही निघून गेल्याची नोंद आहे," दुभाषीबाई म्हणाल्या.

"चला, म्हणजे झालं काम! आता नवा पत्ता लिहून घ्या म्हणावं."

बाईंनी विचारलं. उत्तर आलं. "गेलेल्या माणसाचा पत्ता घेत नाहीत."

"अहो, पण मी गेलो म्हणजे घरातून गेलो. दोन गल्ल्या पलीकडे."

"तुम्ही गेलात एवढंच आहे इथं. कुठं ते नाही."

"आणि आई?" तो इतका वाकला की कपाळ काचेला टेकलं. "बाई, आईचं काय होणार ते विचारा. परवा येतेय ती."

कारकून पहिल्यांदाच हसून बोलला. कुणाला तरी बरी बातमी द्यायची असते तेव्हा माणूस हसतो तसा.

"आईंची परवानगी शाबूत आहे," दुभाषीबाई म्हणाल्या. त्यांनी थर्मासचं झाकण घट्ट केलं. "त्यांचा मुलगा नोंदलेल्या पत्त्यावरच आहे. काळजीचं कारण नाही म्हणतात."

"बाई, तुम्ही बघताय ना मला? मी समोर उभा आहे. तुम्ही सांगा त्यांना."

"मी माझ्या मनाचं काही सांगू शकत नाही हो," त्या हळूच म्हणाल्या. "बोललं तेच सांगते." आणि त्यांनी पुढच्या माणसाला हात केला.

विमानतळावर तिघंही गेली. बायकोनं आईसाठी शाल घेतली होती. खिशात तिच्या फोनसाठी इथलं सिमकार्ड होतं, कारण तिचा तिकडचा नंबर इथं चालणार नव्हता. म्हाताऱ्या प्रवाशांना आतल्या खोलीत बसवत आणि नोंदलेल्या नातेवाइकालाच आत सोडत. दारावरच्या बाईनं त्याचं नाव यंत्रात घातलं आणि मान हलवली. मग तिघंही बाहेरच्या बाकावर बसून राहिली. माणसं येत गेली, गळ्यात पडत गेली, ढकलगाड्या निघून गेल्या. हॉल रिकामा झाला. सफाईवाला लादी पुसत पुसत त्यांच्या पायांपर्यंत आला.

तो पुन्हा दाराशी गेला.

"त्या कधीच गेल्या," दारावरची बाई म्हणाली. "मुलगा घेऊन गेला. सून होती, नात होती. फार छान कुटुंब. म्हातारीला तर रडू आवरत नव्हतं."

बायकोनं ठकीचं मनगट धरलं ते नंतर सोडलंच नाही.

जुन्या इमारतीत पोचेपर्यंत ऊन कलायला लागलं होतं. रखवालदारानं "कुणाकडे?" म्हणून अडवलं, पण त्यानं ढकलून वाट काढली. बायको आणि ठकी फाटकाबाहेर राहिल्या.

चौथ्या मजल्यावर येईपर्यंत तो धापा टाकत होता. दाराबाहेर आईच्या वहाणा होत्या. डावीचा अंगठा तिनं दोऱ्यानं शिवलेला होता.

आतून तिचा आवाज येत होता.

"जिने नाहीत म्हणालास आणि चढवलेस ना चार मजले! पण उचलून आणलंस हो. तुझ्या वडिलांनीसुद्धा कधी असं उचललं नव्हतं मला."

सगळे हसले.

त्यानं बेल दाबली.

"थांब, मी बघते," आई म्हणाली. "बसून बसून पाय आखडलेत." एक पाऊल टाकून, एक ओढत ती दारापाशी आली. दारावरच्या भोकातला उजेड गेला. तिथं आता तिचा डोळा होता.

"आई," तो म्हणाला. "आई, मी आहे."

तिचा श्वास त्याला ऐकू येत होता. तो हलला नाही. तिला नीट दिसावं म्हणून त्यानं कपाळावरचे केस मागं सारले, लहानपणी शाळेत जाताना ती सारायची तसे.

"कोण आहे, आई?" आतून त्याच्याच आवाजात कुणी विचारलं.

"कुणी ओळखीचा नाही रे," ती म्हणाली. "पण रडतोय बिचारा."

"ये तू आत. मी बघतो."

तिची पावलं दूर गेली. दुसरी पावलं जवळ आली, त्याच्याएवढ्याच वजनाची. दार उघडेल असं त्याला वाटलं. उघडलं तर काय करायचं हे त्याला ठाऊक नव्हतं, तरी उघडावं असंच वाटत होतं.

आतून कडी लागली. मग ती लागली की नाही हे पाहायला कुणीतरी दार एकदा ओढून बघितलं आणि, या घरात फक्त त्यालाच खोड होती तसं, थोडं थांबून आणखी एकदा.